बिलांची सोयरीक

दुसऱ्यांची बिलं विकणं हा आपला धंदा आहे, असं माणसानं कितीही सरळ तोंडानं सांगितलं तरी ऐकणारा आधी आपला खिसा चाचपतो. मोतीराम पठाडे यांना हा अनुभव पहिल्यांदा आला तो परवान्याच्या खिडकीवर. खिडकीतल्या बाईंनी अर्जावरची नजर न काढता विचारलं, "धंदा कोणता?"

"बिल डिस्काउंटिंग."

"डिस्काउंटमध्ये काय विकता? कपडे का भांडी?"

"बिलं विकतो."

"कोणाची?"

"लोकांची."

आता बाईंनी चष्मा काढून मोतीरामांकडं नीट बघितलं. रांगेतल्या मागच्या माणसानंही पुढं वाकून बघितलं. "आणि लोकांना माहीत असतं का हे?" बाईंनी विचारलं.

मग मोतीरामांनी खिडकीला लोंबकळत व्याख्यान दिलं. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत एखादा लहान वर्कशॉपवाला मोठ्या कंपनीला सुटे भाग करून देतो. माल गेला, बिल दिलं, की मोठी कंपनी तीन महिन्यांनी पैसे देते. तीन महिने लोखंडवाला थांबत नाही, कामगार थांबत नाहीत आणि लाइटबिल तर अजिबात थांबत नाही. अशा वेळी पुण्याची एक फायनान्स कंपनी ते बिल विकत घेते, थोडे पैसे कापून बाकीचे लगेच देते आणि मुदत भरल्यावर मोठ्या कंपनीकडून पूर्ण रक्कम वसूल करते. या दोघांची गाठ घालून द्यायची आणि मधलं कमिशन घ्यायचं, हा मोतीरामांचा धंदा. त्यात लपवण्यासारखं किंवा लाजण्यासारखं काहीही नव्हतं. बाईंनी सगळं मन लावून ऐकलं आणि 'धंद्याचे स्वरूप' या रकान्यात 'इतर' असं लिहिलं.

तो शब्द मोतीरामांना फार लागला. एका कंपनीच्या बिल सेक्शनला त्यांचा जन्म गेला होता. कंपनीनं तो सेक्शनच उचलून बंगळुरूच्या एका संगणकात नेऊन ठेवला आणि मोतीरामांच्या हातात भिंतीवरचं घड्याळ दिलं. तोवर मालवाले त्यांना बघून बाकावरून उठत असत. अशा माणसाला सरकारदरबारी 'इतर' म्हणावं, हे बरं नव्हे.

उस्मानपुऱ्यात पठाड्यांच्या समोरच्याच दारात माऊली वाकळे राहतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते सल्ले देतात. जन्मात त्यांनी एकही धंदा केला नाही, त्यामुळं धंद्याबद्दलची त्यांची मतं अगदी स्वच्छ राहिली आहेत. परवान्याची गोष्ट ऐकून ते म्हणाले, "पठाडे, तुमचं चुकतंय कुठं सांगू का? लोकांला माहितीच नाय. तुमची स्कूटर रोज वाळूजला मोकळी जाती, मोकळी येती. तिच्या पाठीवर बोर्ड लावायला काय धाड भरली?"

बोर्ड तयार झाला. पिवळ्या पत्र्यावर लाल अक्षरांत 'पैसे अडकले? बिल आणा, पैसे न्या! – मोतीराम पठाडे', खाली फोन नंबर. पेंटर कलावंत होता. त्यानं आपल्या मनानं चित्रही काढायला घेतलं: डावीकडं कपाळाला हात लावून बसलेला माणूस आणि उजवीकडं तोच माणूस हसताना. पण डावीकडच्या माणसाला त्यानं एवढ्या जीव तोडून रंगवलं, की हसणाऱ्याला पत्र्यावर जागाच उरली नाही. मोतीरामांनी तक्रार केली तेव्हा पेंटर म्हणाला, "साब, हसनेवाला अगले बोर्डपे आयेगा." मोतीरामांच्या पत्नी रूपाताई बोर्डाकडं बराच वेळ बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, पण हा तुमच्यासारखाच दिसतोय की."

महिन्याभरात ती स्कूटर अख्ख्या वाळूजला ओळखीची झाली. माऊलींचा सल्ला इतका कामी येईल असं खुद्द माऊलींनाही वाटलं नव्हतं. पण त्यात एक गोम होती, आणि ती पाटबंधारे खात्यात राहून कळण्यासारखी नव्हती.

वाळूजच्या गल्ल्यांत उधारी चालते ती तोंड बघून. लोखंडाचा व्यापारी टनावारी माल नुसत्या शब्दावर देतो, आणि शब्दाची किंमत करताना तो आधी बघतो की याच्या दारात कोण उभं आहे. दारात मोठ्या कंपनीचा ट्रक असला, की माणूस भरवशाचा. दारात कपाळाला हात लावलेल्या माणसाची स्कूटर असली, की माणूस बुडाला. बिल विकायला काढलं म्हणजे याच्याकडं पगारालाही पैसे नाहीत, एवढा सरळ हिशोब लोक करत. त्यामुळं मोतीरामांची गरज सगळ्यांना होती, पण त्यांची ओळख कोणालाच नको होती.

पहिलं गिऱ्हाईक त्यांना छावणीच्या बाजारातल्या एका हॉटेलात भेटलं. ते गिऱ्हाईक हेल्मेट घालून आलं, हेल्मेट घालून बसलं आणि काच थोडी वर करून त्यानं चहा प्यायला. सही करताना त्याला कागद दिसेना तरी त्यानं हेल्मेट काढलं नाही. मोतीरामांनी त्या माणसाची पुढं बरीच बिलं विकली, पण त्याचा चेहरा कसा आहे हे त्यांना आजतागायत माहीत नाही.

लाकडी खोकी बनवणाऱ्या गोजरबाई स्वभावानं मोकळ्या. त्यांनी तोंडावरच सांगितलं, "भाऊ, तुमी देवमाणूस हाव. पर मागच्या दारानं येत जा, अन् ती स्कूटर तिकडं पार पेट्रोलपंपावर लावा." एकदा मोतीराम आत बसलेले असताना त्यांचा लाकूडवाला अचानक आला. गोजरबाईंनी पापणीही न हलवता ओळख करून दिली, "हे आपले विम्याचे साहेब." विम्याचा माणूस आपल्यापेक्षा इभ्रतदार समजला जातो, हे मोतीरामांना त्या दिवशी कळलं. पुढं हे सगळ्यांनीच उचललं. कोणी त्यांना बायकोचा मावसभाऊ केलं, कोणी गावाकडचा पाहुणा, कोणी सोयरीक घेऊन आलेला मध्यस्थ. ते ज्या वर्कशॉपात गेले तिथं त्यांना एक नवं नातं चिकटलं, आणि वाळूजच्या लोकांनी हळूहळू त्यातल्या एकावरही विश्वास ठेवणं सोडून दिलं.

गंमत अशी, की धंदा वाढत होता. गरजवंत काही कमी नव्हते. पण धंदा जितका वाढे तितके मोतीराम एकटे पडत. चहाच्या टपरीवर ते आले की गप्पा थांबत. एका लग्नात जेवायच्या पंगतीत ते बसले, तर डावीकडचे वर्कशॉपवाले "हात धुवून येतो" म्हणून गेले आणि उजवीकडचे त्यांना शोधायला गेले. वाढप्यानं त्यांच्या पानात चार जणांची जिलबी वाढली. लोक अजूनही त्यांना बघून बाकावरून उठत होते, पण आता निघून जायला. घरी येऊन ते रूपाताईंना म्हणाले, "मी कोणाचं वाईट केलंय का गं?" रूपाताईंनी त्यांच्यापुढं ताट ठेवलं. चार जणांच्या जिलबीवर त्यांना जेवण नको होतं.

या सगळ्यात त्यांना एकच दिलासा होता, तो म्हणजे त्यांची मुलगी सायली. सायली फिजिओथेरपिस्ट आहे. तिच्याकडं नानासाहेब दांडगे नावाचे गृहस्थ आखडलेला खांदा घेऊन आले. नानासाहेबांची बिडकीनजवळ शेती होती. ती कारखान्यांसाठी गेली, तेव्हा आलेल्या पैशातून त्यांनी वाळूजला लेथ मशीनं टाकली आणि इंजिनिअर झालेल्या मुलाला, शिवराजला, हाताशी घेतलं. सायलीच्या उपचारानं त्यांचा हात एके दिवशी डोक्यापर्यंत वर गेला, तो त्यांनी तसाच आशीर्वादासारखा तिच्या डोक्यावर ठेवला. "पोरी," ते म्हणाले, "तुझ्या वडलांचा नंबर दे." त्यांना रोज गाडीतून परत न्यायला येणारा शिवराज तोवर अर्धा तास आधीच यायला लागला होता, आणि सायलीही त्याला बाहेर थांबवत नव्हती.

पठाड्यांच्या घरात दिवाळी झाली. मुलगा शिकलेला, घर भलं, हुंड्याचं नाव नाही, आणि सायली स्वयंपाकघरात गुणगुणायला लागलेली. वडील काय करतात, या प्रश्नाला रूपाताईंनी फोनवर "फायनान्समध्ये आहेत" असं मोघम उत्तर दिलं होतं. नानासाहेबांचा पुढचा फोन आला, "मोतीरामराव, या की वर्कशॉपवर. चहा घेऊ, अन् याद्या कवा करायच्या ते ठरवून टाकू. मला मशीन सोडून हलता येत नाय."

"रिक्षानं जा," रूपाताई म्हणाल्या.

इथं मोतीरामांचा स्वाभिमान आडवा आला. इतके दिवस मागच्या दारांनी, बोळांतून, पेट्रोलपंपावरून चालत जाऊन त्यांचा जीव विटला होता. "का म्हणून रिक्षानं? मी काय चोर आहे? पोरीचं लग्न ठरवायला चाललोय. पुढच्या दारानं जाणार, आणि स्कूटर दारात लावणार." त्यांनी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातला, पेढ्यांचा पुडा घेतला आणि खरोखरच स्कूटर 'दांडगे इंजिनिअरिंग वर्क्स' या पाटीच्या बरोबर खाली लावली.

आत बैठक अशी रंगली की विचारू नका. दोन्हीकडच्या ओळखी निघाल्या, पैठणकडचे एक समाईक मामा निघाले. याद्यांची तारीख ठरली, तीनदा चहा झाला. निघताना नानासाहेब पोचवायला दारापर्यंत आले. त्यांना गहिवरून आलं होतं. त्यांनी मोतीरामांचे दोन्ही हात हातात घेतले आणि डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाले, "आता सगळं तुमच्या हातात हाय, मोतीरामराव."

हे अख्ख्या गल्लीनं पाहिलं. पाटी, तिच्याखाली कपाळाला हात लावलेला माणूस, आणि त्याच्या शेजारी हात धरून रडणारे नानासाहेब.

संध्याकाळी लोखंडाच्या व्यापाऱ्याचा फोन आला. यापुढं रोख. मशीन सोडून न हलणाऱ्या नानासाहेबांना व्याह्यांचा धंदा कोणता, हे त्या फोनवर पहिल्यांदा कळलं. वेल्डिंगच्या गॅसवाला आला आणि भरलेले सिलिंडर 'तपासायला' म्हणून घेऊन गेला. कामगारांपैकी एकाला बहिणीची फी आठवली, दुसऱ्याला आईचं ऑपरेशन, आणि सगळ्यांनाच पगार आधी हवा झाला. बँकेचे मॅनेजर सहज म्हणून आले आणि सहज म्हणून मशीन मोजून गेले. नानासाहेब प्रत्येकाला सांगत सुटले, "आवो, पोराचं लगीन ठरलंय! ते मपले व्याही हायत!" लोक मान हलवत आणि एकमेकांकडं बघत. व्याही, मावसभाऊ, गावाकडचा पाहुणा, विम्याचा साहेब, हे सगळं वाळूजनं आधीच ऐकलेलं होतं. खात्री पटावी म्हणून नानासाहेबांनी गल्लीभर पेढे वाटले. लोकांनी ते जड मनानं खाल्ले आणि पाठीवर हात ठेवून सांगितलं, "नाना, हिंमत सोडू नका."

आठवड्याभरात ते खरंच अडचणीत आले. मोठ्या कंपनीची ऑर्डर अर्धी झालेली, लोखंड नाही, गॅस नाही. एके दुपारी नानासाहेब आणि शिवराज बिलांची चळत घेऊन पठाड्यांच्या घरी आले. नानासाहेबांचा खांदा पुन्हा आखडला होता. सायलीनं त्यांना खुर्चीवर बसवलं आणि खांदा शेकायला घेतला.

"तुमच्या पायगुणानं झालंय असं मी म्हणत नाय," नानासाहेब म्हणाले. म्हणजे तेच म्हणत होते. "पर आता तुमीच काढा याच्यातून. ही बिलं विका."

मोतीरामांचं काळीज तुटलं. आपल्यामुळं हे झालं, हे त्यांना कळत होतं. त्यांनी जिवाचं रान केलं. माल पोचल्याची मोठ्या कंपनीची कबुली हवी होती, म्हणून ते तिथल्या बिल सेक्शनच्या बाकावर दिवसचे दिवस बसले. समोर आकाश नावाचा तरुण क्लार्क. "सर, मेल करा," तो म्हणाला.

"अरे, मी तुझ्या समोर बसलोय."

"मला दिसताय सर. सिस्टीमला नाही दिसत."

मोतीरामांनी त्याच बाकावरून मोबाइलवर मेल केला. आकाशनं तो वाचला, त्यांच्याकडं बघून हसला आणि सांगितलं की उत्तर कामकाजाच्या चार दिवसांत येईल. चार दिवस नंतर आठ झाले, पण कबुली आली. कागद पुण्याला गेले. आता फक्त पडताळणीचा एक फोन यायचा होता.

तो रविवारी सकाळी आला. नानासाहेब, शिवराज, रूपाताई, सायली, सगळे बैठकीच्या खोलीतच होते. सल्ला लागला तर असावा म्हणून माऊलीही येऊन बसले होते. मोतीरामांनी फोन स्पीकरवर टाकला.

"नमस्कार सर, मी श्रेया बोलतेय. हा कॉल रेकॉर्ड होत आहे. आपण आणलेल्या पार्टीबद्दल एकच प्रश्न आहे. पार्टीशी आपलं रक्ताचं, विवाहाचं किंवा होऊ घातलेलं काही नातं आहे का? कृपया 'होय' किंवा 'नाही' एवढंच सांगा."

मोतीरामांनी विचारलं, "समजा, होय असलं तर?"

"तर बिलं घेता येत नाहीत सर. घरच्या घरी खोटी बिलं होतात, म्हणून कंपनीचा नियम आहे."

"आणि नाही असलं तर?"

"तर उद्या कागद पुढं जातील, परवा पार्टीच्या खात्यात पैसे जमा होतील."

नानासाहेब दोन्ही हातांनी 'नाही, नाही' अशा खुणा करत होते, आखडलेल्या हातानंसुद्धा. रूपाताई मान हलवून 'होय' म्हणत होत्या. शिवराज वडिलांकडं बघत होता. सायली फक्त मोतीरामांकडं बघत होती. 'होय' म्हटलं तर वर्कशॉप बुडणार, आणि बुडणारं घर आपल्यामुळं बुडालेलं. तिथं मुलगी कोणत्या तोंडानं द्यायची?

"नाही," मोतीराम म्हणाले.

"धन्यवाद सर. आपला दिवस आनंदात जावो," श्रेया म्हणाली. रूपाताई उठून आत गेल्या.

पैसे आले. लोखंड आलं, गॅस आला, ऑर्डर वेळेत गेली. मोतीरामांना वाटलं, संकट टळलं, आता याद्या करू. पण बिलं विकण्याची एक चटक असते. आज माल गेला आणि आठवड्यात पैसे हातात आले, असं सुख नानासाहेबांनी जन्मात अनुभवलं नव्हतं. शेतीत वर्षानं पैसे यायचे, वर्कशॉपात तीन महिन्यांनी. त्यांनी नवं मशीन घेतलं, दुप्पट ऑर्डर धरली, आणि आता त्यांचं प्रत्येक बिल मोतीरामांमार्फत पुण्याला जाऊ लागलं. प्रत्येक खेपेला श्रेयाचा फोन येई, प्रत्येक खेपेला तोच प्रश्न असे आणि मोतीराम सायली घरात आहे का ते बघून, गॅलरीत जाऊन, हळू आवाजात 'नाही' म्हणत.

नानासाहेबांमुळं मोतीरामांचा धंदा इतका वाढला की पुण्याच्या कंपनीनं त्यांना 'मराठवाड्याचा उगवता तारा' असं लिहिलेली काचेची ढाल पाठवली. रूपाताईंनी ती मिक्सरच्या मागं ठेवली.

याद्या मात्र होईनात. साखरपुड्याचा फोटो कोणाच्या तरी स्टेटसला जाईल आणि पुण्याला दिसेल, ही नानासाहेबांना धास्ती. माऊली म्हणाले, "गुपचूप उरका." आणि हा बेत गुपित ठेवा असं त्यांनी जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाला बजावून सांगितलं. मोतीरामांनी सुचवलं की नानासाहेबांनी दुसरा दलाल धरावा. नानासाहेब दचकले. "म्हंजी अजून एका माणसाला कळू देऊ? तुमच्या एका स्कूटरनं एवढं झालं!" शिवाय नवा दलाल म्हणजे नवी फाइल, पुन्हा तो आकाश, पुन्हा तो बाक. शेवटी मोतीराम छातीवर दगड ठेवून म्हणाले, "मग मीच धंदा सोडतो. पोरीपेक्षा धंदा मोठा नाही."

त्यावर दुसऱ्याच दिवशी नानासाहेब शिवराजला घेऊन घरी हजर झाले. या वेळी त्यांनी मिठाई आणली होती. ते मोतीरामांच्या शेजारी बसले आणि त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

"मोतीरामराव, धंदा सोडायची भाषा करू नका. मी लई इचार केला. रात रात झोप नाय मला. तुमची पोरगी लाखात एक हाय, खोटं नाय सांगत. मपला हात तिच्यामुळं वर जातो." त्यांनी मोतीरामांचे हात आणखी घट्ट धरले. "पर खरं सांगू का? शिवराजला पोरी लई मिळतील, मला असा दलाल नाय मिळायचा."

मोतीरामांच्या कामाचं इतकं मनापासून कौतुक आयुष्यात कोणी केलं नव्हतं. बिल सेक्शनमध्येही नाही. उठून या माणसाला दाराबाहेर काढावं असं त्यांना वाटलं, आणि हे आपलं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक आहे हेही आठवलं, आणि ते आठवल्याची त्यांना स्वतःचीच किळस आली. ते तसेच हात धरू देऊन बसून राहिले.

सायली दारात उभी होती. तिनं शिवराजला विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे?"

शिवराज सोफ्याच्या कव्हरची सुरकुती काढत होता. "नाही म्हणजे... नानांच्या बोलण्यात पॉइंट आहे," तो म्हणाला. "एक दोन वर्षं नुसतं थांबू. नवीन मशीनचे हप्ते..."

"ठीक आहे," सायली म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळानं आतून कुकरची शिट्टी झाली. दांडगे बापलेक चहा घेऊन गेले. जाताना नानासाहेबांनी नव्या बिलांचा लिफाफा टीपॉयवर ठेवला.

मोतीरामांनी दोन दिवस त्या लिफाफ्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी तो पुण्याला पाठवला. का पाठवला हे त्यांनी रूपाताईंना सांगितलं नाही आणि रूपाताईंनी विचारलंही नाही. घरात दोघंही हळू चालत होते आणि सायली नेहमीच्या वेळेला क्लिनिकला जात होती. ती रडली असती तर मोतीरामांना बरं वाटलं असतं.

श्रेयाचा फोन आला तेव्हा मोतीराम दाढी करत होते. तोंडाला फेस, हातात ब्रश, आणि फोन बैठकीत वाजतोय. ते "आलो, आलो" म्हणत धावले, पण पर्स खांद्याला लावून बाहेर निघालेल्या सायलीनं फोन उचलला होता. मोतीरामांनी हात पुढं केला. तिनं तो दिला नाही.

"हो, त्यांचाच नंबर. मी त्यांची मुलगी बोलतेय," ती म्हणाली. "ते जरा कामात आहेत. मला माहीत आहे, मी सांगते. विचारा."

पलीकडून प्रश्न आला. स्पीकर बंद होता तरी मोतीरामांना तो शब्दन्‌शब्द पाठ होता.

"नाही," सायली म्हणाली. "काही नातं नाही. होऊ घातलेलंही नाही. लिहून घ्या."

तिनं फोन त्यांच्या ओल्या हातात ठेवला, चपला घातल्या आणि ती जिना उतरून गेली. फोनमधून श्रेया त्यांचा दिवस आनंदात जावो असं म्हणत होती. या घरातून पुण्याला गेलेलं ते पहिलंच खरं उत्तर होतं, आणि ते ऐकून मोतीराम पठाडे तोंडाला फेस तसाच ठेवून दाराच्या उंबऱ्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडले.